क्राउडस्ट्राइकनं चूक ७८ मिनिटांत मागं घेतली, मग कॉम्प्युटर सुरू व्हायला इतके दिवस का लागले?

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी दहाच्या आसपास ऑफिसात, एअरपोर्टवर, हॉस्पिटलात कॉम्प्युटरच्या स्क्रीन एकामागोमाग एक निळ्या पडायला लागल्या. रिस्टार्ट केलं की परत निळी स्क्रीन. इंडिगोचे हातानं लिहिलेले बोर्डिंग पास तेव्हा व्हायरल झाले होते. तुम्हीही फॉरवर्ड केले असतील.

हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या अपडेटमधली एक फाइल गंडली होती. सॉफ्टवेअर २१ रकाने वाचायला गेलं, माहिती होती २० रकान्यांची. साधं ॲप असतं तर तेवढंच बंद पडलं असतं. पण हे सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालतं. तिथं चूक झाली की अख्खी विंडोज आडवी होते. त्यात ते कॉम्प्युटर सुरू होतानाच लोड होतं, त्यामुळं दर वेळी तीच ठेच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार असे ८५ लाख कॉम्प्युटर अडकले.

आपल्याकडच्या ९:३९ ला गेलेली फाइल कंपनीनं १०:५७ ला मागं घेतली. तरी अमेरिकेतल्या डेल्टा एअरलाइन्सची पाच दिवसांत सुमारे ७,००० विमानं रद्द झाली. कारण सोपं आहे. जो कॉम्प्युटर सुरूच होत नाही, त्याला नेटवरून दुरुस्ती पाठवणार कशी? बहुतेक ठिकाणी माणसानं मशीनपुढं बसायचं, सेफ मोडमध्ये जायचं, फाइल डिलीट करायची. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाइप करायची. हजारो मशीनवर, एकेक करून!

मायक्रोसॉफ्टनं यावर 'क्विक मशीन रिकव्हरी' आणली. २०२५ पासून विंडोज ११ मध्ये ती मिळते. सुरू न होणारा कॉम्प्युटर रिकव्हरी मोडमधूनच नेटला जोडला जातो आणि उपाय शोधतो. पण उपाय मायक्रोसॉफ्टकडं तयार असेल तरच. तुमच्या एकट्याच्या लॅपटॉपची फाइल लाइट गेल्यामुळं खराब झाली असेल, तर हिचा फार उपयोग नाही.

तेव्हा बटण दाबून धरून लॅपटॉप दोन-तीनदा सुरू होता होताच बंद करा, रिकव्हरी स्क्रीन येते. तिथं 'स्टार्टअप रिपेअर' चालवा. नाही जमलं तर शेवटचं अपडेट काढा किंवा 'सिस्टम रिस्टोअर' करा. दुकानात नेलात तर पहिलं वाक्य बहुधा 'फॉरमॅट मारावा लागेल' हेच ऐकू येतं. घाई करू नका. सिस्टम फाइल बिघडली म्हणजे तुमचे फोटो गेले असं नसतं, ते फॉरमॅट मारल्यावर जातात.

आणि लॅपटॉप धड चालतोय तोवर एक काम उरका. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्कचं कुलूप आपोआप लागलेलं असतं आणि त्याची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते. ती आत्ताच बघून कागदावर उतरवून ठेवा. हरवली तर मायक्रोसॉफ्टही नवी देऊ शकत नाही.