मर्दुमकीचा हिशेब

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या जुन्या शौकिनांची एक ठरलेली तक्रार आहे. शिस्तीच्या नावाखाली या खेळातला दमच काढून घेतला, पंचापुढे नाराजीने हात पसरले तरी पन्नास मीटरचा दंड होऊ शकतो, हा काय खेळ झाला? खेळाडू पेटला पाहिजे. विचार करत बसला तर चेंडू गेलाच. आणि दाखला हमखास १९८९ च्या ग्रँड फायनलचा.

तोच दाखला घेऊ. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर खेळ सुरू होताच जिलाँगच्या मार्क येट्सने धावत येऊन हॉथॉर्नच्या डर्मट ब्रेरेटनला आडवा केला. ठरवून केला. ब्रेरेटनच्या बरगड्या मोडल्या, तो मैदानावरच ओकला, पण बाहेर गेला नाही. थोड्याच वेळात त्याने चेंडू झेलून गोल मारला. ही धडक आजही रंगवून सांगितली जाते. पहिल्या क्वार्टरअखेरचे गुण मात्र कोणी सांगत नाही: हॉथॉर्न ५२, जिलाँग १२. पुढे गॅरी एबलेटने एकट्याने ९ गोल केले, जिलाँगने जिवाच्या आकांताने पाठलाग केला आणि ६ गुणांनी सामना गमावला. या खेळात एका गोलाचे गुण सहाच असतात. माणसाला पाडायच्या नादात जिलाँगचे चेंडूवरचे लक्ष उडाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘क्षणार्धात विचार कसला करणार?’ हा दुसरा आक्षेप तर नियमांपुढेच टिकत नाही. इथे ऑफसाइड नाही, प्रतिस्पर्धी कुठूनही अंगावर येतो. तरीही संधी असताना चेंडू पायाने किंवा मुठीने पुढे दिला नाही आणि टॅकल झाला, तर फ्री किक समोरच्याला. निर्णय न घेणे हाच इथे गुन्हा.

आता रागाचा दुसरा दाखला. २०१८ मध्ये वेस्ट कोस्टच्या अँड्र्यू गॅफने, ज्याला कोणी दांडगट म्हणत नसे, फ्रीमँटलच्या १८ वर्षांच्या अँड्र्यू ब्रेशॉच्या जबड्यावर ठोसा मारला. चेंडू तिथे नव्हताच. पोराचा जबडा मोडला. गॅफला ८ सामन्यांची बंदी, म्हणजे हंगाम संपला. ‘पण वेस्ट कोस्ट त्याच्याशिवायही जिंकलेच की!’ जिंकले, आणि कसे ते बघा. त्याच हंगामाच्या ग्रँड फायनलची शेवटची काही मिनिटे, कॉलिंगवूड दोन गुणांनी पुढे. जेरेमी मॅकगव्हर्नने बचावात चेंडू झेलला, नेथन व्हार्डीकडे मारला. व्हार्डीकडून लियम रायन, रायनकडून कोपऱ्यात डॉम शीड. रायनला आंधळेपणाने गोलपुढच्या गर्दीत चेंडू फेकता आला असता. त्याने मान वर करून शीडला हेरले. वेस्ट कोस्टच्याच विली रिओलीने तिथे केलेल्या अडवणुकीवरून कॉलिंगवूडवाले आजही हुज्जत घालतात, घालू देत. सीमारेषेला चिकटून, अवघड कोनातून शीडने गोल मारला. या चौघांत आग कमी होती असे कोण म्हणेल?

म्हणूनच पन्नास मीटरचा दंड सौम्य करा, ही मागणी मला मुळीच मान्य नाही. पन्नास मीटर म्हणजे दमदार पायाची एक अख्खी किक. मैदानाच्या मध्यावर पंचाशी हुज्जत घाला, चेंडू पन्नास मीटर पुढे सरकतो, प्रतिस्पर्धी थेट गोलच्या टप्प्यात येतो. तो पल्ला रोखून धरण्यासाठी उरलेल्या सतरा जणांनी अंगावर धडका घेतलेल्या असतात, आणि राग गिळायचा तो त्यांच्यासाठी.