आरोपी सापडला फ्रिजमध्ये

दोन महिन्यांपूर्वीच्या मंगळवारी दुपारी तुम्ही काय खाल्लं होतं? नाही आठवत ना? मग २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिस्टेरियाची साथ शोधणाऱ्यांची पंचाईत तुम्हाला लगेच कळेल. हा जीवाणू अन्नातून पोटात गेल्यावर आजार दिसायला कधीकधी ७० दिवस लागतात. त्यात हा पठ्ठ्या फ्रिजच्या थंडीतही वाढतो. धडधाकट माणसाला तो सहसा फार छळत नाही. पण गरोदर स्त्रिया, नवजात बाळं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक यांच्या रक्तात, अगदी मेंदूच्या आवरणापर्यंत शिरतो.

जुलै २०१७ मध्येच तिथल्या नवजात शिशू विभागांतल्या डॉक्टरांना काहीतरी बिनसल्याचं जाणवलं होतं. साथ जाहीर झाली डिसेंबरात. एवढा उशीर का? एक कारण अगदीच सरकारी छापाचं आहे. या आजाराचा रुग्ण सापडला की कळवायलाच हवं, असा नियम तोवर नव्हता!

जिनोम सिक्वेन्सिंग हा शब्द ओमायक्रॉनच्या वेळी आपल्या सगळ्यांचा पाठ झाला. जीवाणूंच्या बाबतीत त्याचं जुनं, सोपं रूप म्हणजे ठरावीक सात जनुकं वाचायची आणि त्यांतल्या फरकांवरून त्या प्रकाराला नंबर द्यायचा. पूर्ण जिनोम, म्हणजे लिस्टेरियाची जवळपास ३० लाख अक्षरं वाचली, तर दोन नमुने सख्खे भाऊ की लांबचे नातेवाईक, हेही कळतं. दक्षिण आफ्रिकेत तपासलेल्या ६०७ रुग्णांच्या नमुन्यांपैकी ५६७ एकाच प्रकारचे निघाले, ‘एसटी-६’. देशभर विखुरलेल्या आजाराचं मूळ बहुधा एकच होतं.

पण ते कुठे? इथे मशीन गप्प बसतं. जुळतंय एवढंच ते सांगतं, पत्ता देत नाही.

पत्ता मिळाला तो पाळणाघरात. जानेवारी २०१८ मध्ये सोवेटोतली नऊ लहान मुलं ताप-जुलाब घेऊन ख्रिस हानी बारागवनाथ हॉस्पिटलात आली. डॉक्टरांना अन्नाचा संशय आला आणि आरोग्य कर्मचारी पाळणाघरात पोचले. फ्रिजमध्ये पॉलोनी होती. पॉलोनी म्हणजे मांसाचं जाडजूड, तयार सॉसेज. चकत्या करायच्या, ब्रेडमध्ये घालायच्या, खायचं. स्वस्त आणि मस्त. एका मुलाच्या शौचात आणि पॉलोनीत तोच एसटी-६ सापडला. तिथून माग निघाला तो पोलोक्वाने शहरातल्या ‘एंटरप्राइझ’च्या कारखान्यात. तिथल्या नमुन्यांतही एसटी-६! ४ मार्चला आरोग्यमंत्री आरोन मोत्सोआलेदी यांनी कारखान्याचं नाव जाहीर केलं.

आता गंमत बघा. दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्यातही लिस्टेरिया मिळाला, पण तो एसटी-६ नव्हता. नुसतं ‘लिस्टेरिया आहे की नाही’ एवढंच तपासलं असतं, तर दोघंही सारखेच दोषी दिसले असते आणि ‘आमचाच कशावरून?’ म्हणायला दोघंही मोकळे.

मला विचाराल, तर या तपासात सिक्वेन्सरइतकंच श्रेय ‘मुलांनी काय खाल्लं?’ या साध्या प्रश्नाला आहे. सिक्वेन्सरचे फोटो सगळे छापतात, फ्रिज उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचा कोण छापतो? आणि तो प्रश्न सहा महिने आधी विचारला जाणं शक्य होतं का, हे मला सतावतं. कारण साथ संपेपर्यंत रुग्ण झाले १,०६०, मृत्यू २१६. रुग्णांत नवजात बाळांचं प्रमाण मोठं होतं. डिसेंबर २०१८ मध्ये कोर्टाने पीडितांना मालक कंपनी ‘टायगर ब्रँड्स’विरुद्ध सामूहिक दावा करायला परवानगी दिली.