मेंदूच्या लहरींचे कुलूप



बोटाच्या ठशाने फोन उघडतो, तसा मेंदूच्या लहरींवरूनही माणूस ओळखता येतो. २०१६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात ५० जणांना ५०० चित्रे दाखवून लहरी नोंदल्या. त्यांवरून संगणकाने सगळ्यांना अचूक ओळखले! शिवाय ठसा चोरीला गेला तर बोट बदलता येत नाही. इथे मात्र चित्रे बदलली की नवी किल्ली तयार.

तरीही आम्हाला वाटते, घाई नको. त्याच लहरींतून झोप कळते, फिट येण्याचा आजारही कळतो. कुलूप उघडायला घरातले सगळे कशाला दाखवायचे? २०२४ मध्ये कोलोरॅडो आणि कॅलिफोर्नियाने या माहितीला कायद्याचे संरक्षण दिले, हे बरे झाले. पालकांनो, मुलांच्या डोक्याला असली पट्टी लावण्याआधी एवढे जरूर विचारा: ही माहिती कोणाकडे राहणार?