बरे झालेल्यांना घरी आणा



दरवर्षी मारेगावाहून आपण दीक्षाभूमीस वंदन करावयास नागपुरी जाता. त्याच शहरात १८६४ साली स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे. विदर्भातील कित्येक रुग्ण तेथे बरे झाले. परंतु त्यांना न्यावयास कोणी आले नाही. कोणाचा पत्ता खोटा निघतो, कोणाच्या पत्रास उत्तर मिळत नाही. घरी मुलीचे लग्न अडेल, ही सबब तयारच असते!

हा विटाळ नव्हे तर काय? ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांनीच आपल्या रक्ताच्या माणसास भिंतीआड टाकावे काय? पती, मुले, आईबाप गमावून भ्रमिष्ट झालेल्या पटाचारेस लोक हुसकावीत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले. तीच पुढे थोर भिक्षुणी झाली.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा स्पष्ट सांगतो की, कुटुंब स्वीकारीत नाही एवढ्याच कारणास्तव कोणासही रुग्णालयात ठेवता येणार नाही. कुटुंबाच्या घरात राहण्याचा हक्क बजावण्यास शासनाने साहाय्य करावे, असेही त्यात आहे. हक्क कायद्याने दिला. घराचे दार तुम्ही उघडावयाचे आहे. यंदा नागपुरी जाल तेव्हा आपल्या माणसाची चौकशी केल्यावाचून परतू नका.