छायाचित्राचे व्हाउचर

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला एक खोड कायमची जडते. समोर कोणतीही नोंद आली, की तिचे व्हाउचर कुठे आहे, असे तो आधी विचारतो. रक्कम बरोबर असेल, बेरीज जुळत असेल, सहीदेखील ओळखीची असेल; परंतु व्हाउचर नसेल तर नोंद खरी धरायची नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका जुन्या हेडक्लार्कने शिकवले. निवृत्तीनंतर ही खोड जाईल असे वाटले होते. ती गेली नाही. उलट ज्या छंदात मी विरंगुळा म्हणून शिरलो तिथेच तिने मला पुन्हा गाठले, आणि तेही माझ्याच हातून झालेल्या एका चुकीमुळे.

हा छंद छायाचित्रणाचा. वडिलांच्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याने त्याची सुरुवात झाली. एका रोलमध्ये बारा फोटो. त्यातच सहल, मुंज आणि आजोबांची पंचाहत्तरी बसवायची. २०२० साली निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून मी मिररलेस कॅमेरा आणि पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लेन्स घेतली. “एवढ्यात चांगली स्कूटर आली असती,” असे घरातून ऐकावे लागले. ते खरेच होते.

आम्हा हौशी मंडळींचा पुण्यात एक गट आहे. दंतवैद्य, शाळामास्तर, औषधांचे दुकानदार, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक, संगणकाच्या नोकरीतली तरुण मुले-मुली अशी चाळीसेक माणसे त्यात आहेत. रोज सकाळी मोबाइलवर फोटो येतात आणि फोटोंच्या मागोमाग सल्ले. उडता पक्षी हवा असेल तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास ठेवा. मिररलेस कॅमेरा बॅटरी लवकर खातो, तेव्हा भिगवणला होडीत बसताना दुसरी बॅटरी खिशात असू द्या. कोकणातल्या पावसात लेन्सला आतून बुरशी धरते. घरी आल्यावर ती सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर वापरले तर पंख कधी कधी वाकडे दिसतील, कारण बहुतेक सेन्सर चित्र एकदम न वाचता ओळीओळीने वाचतात. हे सारे फुकट, आणि आनंदाने. स्वतःला ठाऊक असलेले ज्ञान खणात कुलूप लावून ठेवणारे साहेब मी नोकरीत पुष्कळ पाहिले. म्हणून या उदारपणाचे मला फार कौतुक वाटत आले आहे.

ही देवघेव नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांपैकी एक. पेशाने वैद्य, छंदाने छायाचित्रकार. काच, रसायने, उन्हाची वेळ यांविषयी जे एकाला उमजले ते दुसऱ्याला सांगायचे, यासाठीच अशा सोसायट्या होत्या. आज रसायनांची जागा आयएसओच्या आकड्यांनी घेतली, एवढेच.

परंतु गेल्या पंधरा वर्षांत हातातले यंत्र मुळापासून बदलले आहे, आणि त्याचा परिणाम केवळ यंत्रापुरता राहिलेला नाही. जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्समधून आलेला प्रकाश तिरप्या आरशावर पडे आणि तिथून वर, डोळ्यापर्यंत येई. बटण दाबले की आरसा उचलला जाई. तोच तो ‘खटॅक्’ आवाज. मिररलेसमध्ये हा आरसाच काढून टाकला. प्रकाश सरळ सेन्सरवर पडतो आणि आपण पाहतो ते सेन्सरने पाठवलेले, छोट्या पडद्यावरचे चित्र. या जातीचा पहिला कॅमेरा, पॅनासॉनिकचा ल्युमिक्स जी वन, २००८ साली आला. सोनीने २०१३ मध्ये मोठ्या, म्हणजे फुल-फ्रेम सेन्सरचा मिररलेस आणला. कॅनन आणि निकॉन यांनी मोठ्या सेन्सरचे आपले मिररलेस २०१८ मध्ये बाजारात आणले. २०२० साली जगभरात निर्यात झालेल्या मिररलेस कॅमेऱ्यांची संख्या आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या पुढे गेली.

त्याच काळात मोबाइलने साधा कॅमेरा गिळून टाकला. जपानी कॅमेरा उद्योगाच्या संघटनेचे आकडे बोलके आहेत. २०१० साली सुमारे १२ कोटी १५ लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२४ साली सुमारे ८५ लाख. वाढदिवसाला, लग्नाला मोबाइल पुरतो. आज गळ्यात कॅमेरा अडकवून हिंडणारा माणूस एकतर व्यावसायिक असतो, नाही तर आमच्यासारखा छांदिष्ट. कंपन्याही साहजिकच या छांदिष्टांना काय हवे ते पाहू लागल्या. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारे कॅमेरे २०२० च्या सुमारास आले. काही कॅमेरे बटण पूर्ण दाबण्याच्या आधीच्या अर्ध्या-एक सेकंदातली चित्रेही साठवून ठेवतात. म्हणजे पक्षी उडाल्यावर बटण दाबले तरी उडण्याचा क्षण हाती लागतो!

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पूर्वी खंड्याच्या सुराचा स्वच्छ फोटो हाच त्या माणसाच्या तपश्चर्येचा पुरावा असे. किती पहाटे गेल्या, किती रोल वाया गेले, हे त्या चित्रातच लिहिलेले असे. आज तो फोटो पुष्कळांना मिळू शकतो. चित्र स्वस्त झाले. मग महाग काय राहिले? माझे उत्तर असे, की चित्रामागची हकिगत महाग राहिली. आणि नेमकी तीच सांगायची आपण विसरत चाललो आहोत. शटर, आयएसओ, लेन्स हे सारे आम्ही एकमेकांना सांगतो; पण किती जवळ गेलो, पक्ष्याला बोलावण्यासाठी काय केले, फांदी कुणी रोवली, हे कुणी विचारीत नाही आणि कुणी सांगत नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. २०२२ च्या पावसाळ्यात कोकणातल्या एका गावी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत मला तिबोटी खंड्याचे बीळ दिसले. अगदी लहानसा हा पक्षी. निळा, जांभळा, केशरी, पिवळा असे सगळे रंग त्याने एकट्यानेच घेतलेले. पावसाबरोबर तो आपल्याकडे वीण करायला येतो आणि पिलांसाठी पाली, बेडूक, खेकडे पकडून आणतो. मी दुरून, छत्रीखाली बसून फोटो काढले. चोचीत पाल धरलेला एक फोटो फारच सुरेख आला. रात्री तो गटात टाकला. वाहवा झाली. एका तरुण सभासदाने लिहिले, “काका, लोकेशन टाका ना!” कौतुकाने फुगलेल्या माणसाला नाही म्हणणे जड जाते. मी गावाचे नाव, मोरी, मोरीपुढचे वळण, सगळे लिहिले.

दुसऱ्या रविवारी मी पुन्हा गेलो तेव्हा रस्त्याच्या कडेला सहा गाड्या होत्या. दरडीसमोर सतरा माणसे तिकाट्या मांडून बसली होती. निम्म्या माणसांना मी ओळखतही नव्हतो. फोटो एका गटातून दुसऱ्या गटात गेला होता. बिळावर आलेली नेच्याची पाने कुणीतरी छाटली होती आणि पक्ष्याने बसावे म्हणून शेवाळलेली एक फांदी समोर रोवली होती. पक्षी आला. चोचीत बेडूक होता. रोवलेल्या फांदीवर तो बसला, उडाला, पलीकडे गेला, पुन्हा आला. बिळात मात्र शिरेना. मी घड्याळ पाहिले. चाळीस मिनिटे हे चालले होते. कुणाच्याही कॅमेऱ्याचा आवाज नव्हता. “मिररलेस आहे काका, त्याला काही त्रास नाही,” असे शेजारच्या मुलाने मला कुजबुजत सांगितले. गुरे घेऊन चाललेले एक आजोबा थांबले आणि म्हणाले, “पाखरू आत जात नाय हो. तुमी बसलाव ना समोर.” त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, पण त्या ओढ्यावर जे घडत होते ते त्यांनाच दिसले होते.

मी उठलो आणि इतरांना उठण्याची विनंती केली. काही उठले. काहींनी तीन तासांचा प्रवास सांगितला. पुढच्या आठवड्यात बीळ रिकामे होते. पिले उडून गेली, सापाने नेली की उपाशी राहिली, याचा निवाडा मी करू शकत नाही. परंतु हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर त्या खात्यावर पहिली सही माझी होती.

नंतर मी कायदा वाचला. तो आधी वाचायला हवा होता. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे हेही येते. बंदूक हवीच असे नाही. मारुती चितमपल्लींची पुस्तके वाचून पक्ष्यांच्या नादी लागलेली माझ्यासारखी माणसे स्वतःला शिकाऱ्यांच्या विरुद्ध बाजूची समजत होती!

यावर कुणी म्हणेल, की आता कॅमेरेच चित्राच्या खरेपणाची साक्ष देऊ लागले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या चित्रांचा सुळसुळाट झाल्यावर, फोटो कोणत्या कॅमेऱ्याने कधी काढला याची सांकेतिक मोहोर फोटोतच उमटवण्याची सोय निघाली. २०२३ साली लायकाने ती प्रथम कॅमेऱ्यात आणली. पण २०२५ साली निकॉनच्या अशाच सोयीत एक पळवाट सापडली. मोहोर ज्याच्यावर उमटायला नको त्या चित्रावरही ती उमटवता येत होती. कंपनीने ती सेवा स्थगित केली आणि दिलेली प्रमाणपत्रे रद्द केली. खोट्या चेकवर खरी सही म्हणतात ती हीच.

आणि समजा, मोहोर अगदी पक्की निघाली, तरी ती काय सांगणार? वन्यजीव छायाचित्रणाच्या जगप्रसिद्ध लंडनच्या स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधल्या मुंगीखाऊचा एक फोटो बक्षीसपात्र ठरला होता. २०१८ मध्ये आयोजकांनी तो बाद केला, कारण त्यातला मुंगीखाऊ पेंढा भरलेला होता असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. छायाचित्रकाराने तो आरोप नाकारला. तो वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. पेंढा भरलेल्या प्राण्याचाही फोटो खऱ्या कॅमेऱ्याने, खऱ्या जागी, खऱ्या तारखेला निघतो. कॅमेरा त्यावर मोहोर देईल. कारण यंत्राला प्रकाश कळतो, लबाडी कळत नाही. तिबोटीचा माझा फोटोही शंभर टक्के अस्सल होता.

खोट्या नोंदीची किंमत किती मोठी असते याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे छोटे घुबड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीनंतर दिसेनासे झाले. रिचर्ड माइनर्टझागेन या प्रतिष्ठित ब्रिटिश संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत ते मिळाल्याची चिठ्ठी एका नमुन्याला लावून ठेवली होती. ती चिठ्ठी खोटी होती. संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना त्याने आपला म्हणून दाखवला होता. त्या चिठ्ठीवर विसंबणारे शोधक चुकीच्या जागी जात राहिले. पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, खऱ्या नोंदी वेगळ्या केल्या आणि १९९७ साली त्या व त्यांचे सहकारी शहाद्याजवळच्या जंगलात गेले, तेव्हा रानपिंगळा तिथे होता! जुन्या नमुन्याची खरी चिठ्ठी एक पक्षी परत मिळवून देऊ शकते. आज आमच्यासारख्यांचे हजारो फोटो पक्षी कुठे, कधी आढळतो याच्या नोंदींना आधार देतात. म्हणून आमच्या चिठ्ठ्या खऱ्या असणे ही केवळ आमची खासगी बाब राहत नाही.

गटात मी माझी चूक लिहून काढली आणि एक सूचना केली. प्रत्येक फोटोखाली चार ओळींचे व्हाउचर द्यावे. फोटो कधी काढला आणि पक्ष्यापासून किती अंतरावरून. त्याला आणण्यासाठी खाद्य, ध्वनिमुद्रित साद किंवा रोवलेली फांदी वापरली का. संगणकावर काय काढले, काय घातले. आणि पक्षी घरट्याशी असेल तर ठिकाण फक्त जिल्ह्यापर्यंत. मुळात घरट्याचा फोटो टाळावाच. यावर वाद झाला. “हा छंद आहे साहेब, ऑडिट नव्हे,” असे दंतवैद्य म्हणाले. त्यांचे म्हणणे मला कळते. छंदात मोकळेपणा नसेल तर तो करायचा कशाला? परंतु मोकळेपणा आपल्या वेळेपुरता आणि आपल्या पैशापुरता असतो. पक्ष्याचे बीळ आपल्या खात्यातले नाही. ते आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव आहे. ठेवीदार तक्रार करू शकत नाही म्हणून हिशेब ढिला ठेवायचा नसतो, उलट अधिक काटेकोर ठेवायचा असतो.

पाच-सहा जण गट सोडून गेले. बाकीचे कुरकुरत का होईना, चार ओळी लिहू लागले. गेल्या हिवाळ्यात त्याच दंतवैद्यांनी धीवराचा एक देखणा फोटो टाकला आणि खाली लिहिले, “फांदी मी रोवली होती.” फोटोला नेहमीपेक्षा कमी वाहवा मिळाली. मी त्यांना फोन करून अभिनंदन केले. ते हसले आणि म्हणाले, “साहेब, व्हाउचर पास झाले ना?”

तिबोटीच्या ओढ्यावर मी दर पावसाळ्यात एकदा जातो, कॅमेरा न घेता. दरड पावसाने थोडी ढासळली आहे. बिळाच्या जागी आता नेचे वाढले आहेत. गुरांमागचे आजोबा भेटले तर मी विचारतो, “दिसला का हो?” ते मान हलवतात, आणि आम्ही दोघे थोडा वेळ ओढ्याकडे पाहत उभे राहतो.