एक कॉटेज, तिघांना शब्द

‘कॉटेज टू लेट’ हा १९४१ सालचा ब्रिटिश विनोदी हेरपट नुकताच पाहिला. दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथ. युद्धामुळे लंडनहून स्कॉटलंडला पाठवलेला रॉनल्ड हा पोरगा शेरलॉक होम्सचा भक्त. एका संशोधकाच्या घरात तो राहतो आणि मोठ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी हुंगत फिरतो. जॉर्ज कोल या मुलाचं हे चित्रपटातलं पहिलंच काम, झकास केलंय.

पण चित्रपटात हसायचं असतं ते संशोधकाच्या बायकोला, बॅरिंग्टनबाईंना. एकच कॉटेज त्यांनी भाडेकरूला दिलंय, लष्करी रुग्णालयासाठी कबूल केलंय आणि लंडनच्या मुलांची सोयही तिथंच. समाजसेवेची हौस असलेली वेंधळी बाई! मीही खळखळून हसले. मग गेल्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. आमच्या निवाऱ्यातली एकच खाट मी दोघींना कबूल केली होती. एक पोलीस चौकीतून दोन लेकरं घेऊन आली, दुसरी दवाखान्यातून. मी विसरले नव्हते. ‘नाही’ म्हणवलं नव्हतं, आणि खाट एकच होती. दवाखान्यातून आलेलीला ऑफिसात सतरंजीवर झोपवलं. सकाळी तिच्याकडे बघायचा धीर होईना.

सप्टेंबर १९३९ च्या सुरुवातीच्या दिवसांतच ब्रिटनमध्ये सुमारे १५ लाख माणसं शहरांतून हलवली गेली. बहुतेक मुलं आणि लहानग्यांच्या आया. ठेवून घेणाऱ्या घराला एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग, जास्त मुलं असली तर प्रत्येकी साडेआठ. एवढ्यात जेवण, धुणं आणि रात्री ओल्या होणाऱ्या गाद्या. हे सगळं कुणी निस्तरलं असेल? शिवाय १९३८ मध्ये लेडी रीडिंगनी उभारलेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसच्या बायका बिनपगारी राबत होत्याच. (या बाईंचे पती १९२१ ते १९२६ आपल्याकडे व्हाइसरॉय होते.) सरकारने हिशोब मांडला तो बायकांचे कष्ट फुकट धरूनच.

बॅरिंग्टनबाई श्रीमंत आहेत, त्यांच्याकडे द्यायला जादा घर आहे, मिरवणंही आहे; त्याला हसावंच. माझी तक्रार एवढीच की घोळ व्यवस्थेत असताना चित्रपट तो बाईच्या डोक्यात नेऊन ठेवतो. त्यांच्या मुलीला, हेलनला, दोन प्रेमिक मिळतात, पण शोध लावण्याचं धड काम एकही नाही.

रॉनल्ड मात्र अगदी खरा वाटला. परक्या घरात राहणाऱ्या मुलाला कान-डोळे उघडे ठेवावेच लागतात. कुणाचा आवाज केव्हा चढतो, किल्ली कुठे असते, कोण खोटं हसतं, हे आमच्याकडच्या सहा वर्षांच्या पोरींनाही तिसऱ्या दिवशी पाठ असतं. आपण त्याला आगाऊपणा म्हणतो. चित्रपटातही आधी तेच होतं. बॅरिंग्टन साहेब मात्र त्याच्याशी बरोबरीनं बोलतात, ते मला फार आवडलं. आणि अखेर रॉनल्ड बरोबर ठरतो. खरा हेर कोण ते सांगत नाही, बघाच.

दुसऱ्या खाटेसाठी मी त्या पावसाळ्यापासून तीन अर्ज केलेत. चौथा या आठवड्यात टाकतेय.