विश्लेषण : मुंबईच्या खडकात बेडूक कुठून आले?

मालाडमध्ये जागोजागी पुनर्विकासाचे खोदकाम सुरू आहे. पत्र्यांच्या कुंपणाआड निघालेला दगड डंपरमधून जातो आणि कुठेतरी भरावात पडतो. त्यात काय आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. खरे तर पाहायला हवे.

काय सापडले होते?

वरळीच्या टेकडीत, काळ्या पापुद्र्यांच्या शेल खडकात, एकोणिसाव्या शतकात इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज ही प्रजाती ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ म्हणून ओळखली जाते. सोबत कासव आणि वनस्पतींचे अवशेषही होते. असेच थर पुढे जोगेश्वरी आणि आंबोलीतही नोंदवले गेले, म्हणजे मालाडहून लोकलने तीन-चार स्टेशनांवर.

लाव्हात जीव टिकले कसे?

लाव्हात नव्हे, दोन लाव्हांच्या मधे. दख्खनचे उद्रेक सलग झाले नाहीत. मधल्या शांत काळात खोलगट जागी पाणी साचे, तळी आणि दलदली तयार होत. त्यातले जीव मरून गाळात रुतत. पुढचा लाव्हा पसरला की तो गाळ खाली बंदिस्त होई. यालाच ‘इंटरट्रॅपियन’ थर म्हणतात. मुंबईतले थर सहा कोटी वर्षांहून जुने, दख्खनच्या ज्वालामुखींच्या अखेरच्या टप्प्यातले आहेत.

(माशांचे जीवाश्म हवे असतील तर सिरोंचा गाठावे. प्राणहिता खोऱ्यातले कोटा थर याहून कितीतरी जुने, ज्युरासिक काळातले आहेत.)

मग मालाडचा दगड?

प्रसिद्ध ‘मालाड स्टोन’ हा फिकट पिवळसर ट्रॅकाइट. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या इमारतीत तो कुर्ल्याच्या करड्या बेसाल्टसोबत वापरला आहे. तो ज्वालामुखीय, त्यामुळे त्यात जीवाश्म शोधण्यात अर्थ नाही. पाहायचे ते दोन कठीण खडकांमधल्या मऊ, गाळाच्या थराकडे.

हा थर इंजिनीअरलाही टाळता येत नाही, कारण शेल पाण्याने मऊ होते आणि पायाचे गणित बदलते. म्हणूनच टॉवरआधी बोअर मारून खडकाचे नमुने पेट्यांत ठेवले जातात. अहवाल झाला की त्या पेट्यांची गरज संपते. गाळाचा थर लागलेल्या पेट्या तरी महापालिकेने एखाद्या भूशास्त्र विभागाकडे पोहोचवायला लावाव्यात. परवानगीच्या कागदपत्रांत त्यासाठी एक ओळ वाढवावी लागेल. खर्च म्हणाल तर टेम्पोच्या एका फेरीचा.

भूवारसा जपणाऱ्या केंद्रीय विधेयकाचा मसुदा २०२२ मध्ये आला होता. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला १९५२ मध्येच संरक्षण मिळाले. ती टेकडी रस्त्यावरून दिसते तरी. शेलचा थर मात्र जेसीबी पोहोचतो त्याच दिवशी पहिल्यांदा उघडा पडतो आणि संध्याकाळपर्यंत डंपरमध्ये गेलेला असतो.